तापणारे ग्राफिक्स कार्ड : दोष कार्डाचा की केबिनेटचा?

दिल्लीत २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत वातानुकूलन नसलेल्या खोलीतील हवाही ४० अंशांच्या आसपास पोहोचते. दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेससारख्या बाजारपेठेतून सुटे भाग घेऊन जोडलेले, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'असेंबल्ड', संगणक वापरणाऱ्यांची एक तक्रार याच काळात वाढते. खेळ किंवा चित्रफितीचे संपादन सुरू असताना ग्राफिक्स कार्ड तापते, पंखे कर्कश आवाज करतात, चित्र अडखळते आणि कधी संगणकच बंद पडतो. अशा संगणकातील प्रत्येक भागाची हमी त्या त्या निर्मात्याची असते. सर्व भाग एकत्र कसे चालतात, याची हमी सहसा कोणीच देत नाही. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे याचा शोध ग्राहकालाच घ्यावा लागतो आणि पुष्कळदा धडधाकट कार्ड बदलण्याचा खर्च त्याच्या माथी येतो.

पंखा हवा थंड करीत नाही, केवळ हलवतो, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. जानेवारीत १५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर राहणारे कार्ड मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत, तेच काम करताना, ९० अंशांच्या जवळ जाणार. म्हणून 'कार्ड ८५ अंशांवर जाते' एवढ्याच माहितीवरून निदान होत नाही. खोलीच्या हवेपेक्षा ते किती अंशांनी अधिक तापले, हे पाहावे. पूर्ण भारावर सुमारे ५० अंशांपर्यंतचा फरक अनेक कार्डांच्या बाबतीत नेहमीचा आहे. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० साठी ९३ अंश आणि आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश ही कमाल मर्यादा दिली आहे. त्या सुमारास पोहोचताच कार्ड स्वतःचा वेग कमी करते. चित्र अडखळते ते यामुळे. तो बिघाड नसून बचाव असतो.

मोजमापासाठी जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे मोफत प्रोग्राम पुरेसे आहेत. कार्डावर वीस मिनिटे पूर्ण भार ठेवून तापमान टिपावे. नंतर केबिनेटची बाजूची झडप उघडून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान पाच-दहा अंशांनी उतरले तर कार्ड निर्दोष आहे आणि केबिनेटमधील हवा खेळत नाही, असे समजावे. फारसा फरक पडला नाही तर कार्डाकडे वळावे. सध्या समोर अखंड काच असलेल्या, रंगीत दिव्यांच्या केबिनेटांना मोठी मागणी आहे. ती देखणी असतात, परंतु पुरेशी हवा आत येण्यास वाव नसेल तर कितीही पंखे बसवले तरी उपयोग होत नाही. दिल्लीच्या हवामानात समोर जाळी असलेले केबिनेट अधिक शहाणपणाचे. मात्र धुळीसाठी त्यात गाळणी हवी आणि ती वरचेवर धुतली पाहिजे.

खरा घोटाळा पंख्यांच्या नियंत्रणात असतो. ग्राफिक्स कार्डावरील पंखे कार्ड स्वतःच्या तापमानानुसार चालवते. केबिनेटचे पंखे मात्र मदरबोर्डला जोडलेले असतात आणि मदरबोर्ड सहसा प्रोसेसरचे तापमान पाहून त्यांचा वेग ठरवतो. खेळाच्या वेळी प्रोसेसर तुलनेने निवांत असू शकतो. अशा वेळी १७० वॉटचे आरटीएक्स ३०६० असो वा ४५० वॉटचे ४०९०, कार्डाची उष्णता आत साठत जाते आणि केबिनेटचे पंखे मंदच फिरत राहतात. यावर सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन या पंख्यांचा किमान वेग उन्हाळ्यापुरता साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवणे. 'फॅन कंट्रोल' नावाच्या मोफत प्रोग्रामद्वारे हे पंखे थेट ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशीही जोडता येतात.

पंख्याच्या पिना मोजणेही आवश्यक आहे. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-अधिक करून बदलतो. चार पिनांच्या पंख्याला त्यासाठी चौथ्या तारेतून स्पंद मिळतात. तीन पिनांच्या पंख्यासाठी बायोसमध्ये चार पिनांचा प्रकार निवडला गेल्यास तो अखंड पूर्ण वेगाने फिरतो आणि आवाजाचा ठपका विनाकारण पंख्यावर येतो. याउलट, काम नसताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नये. अनेक कार्डांचे पंखे सुमारे ५० ते ६० अंशांपर्यंत फिरतच नाहीत.

कार्डातच दोष असल्यास बहुधा धूळ किंवा सुकलेली थर्मल पेस्ट आढळते. सरासरी तापमान आणि सर्वांत उष्ण बिंदूचे, म्हणजे हॉटस्पॉटचे, तापमान यांत २५-३० अंशांचे अंतर पडत असेल तर पेस्टचा संशय घ्यावा. कार्ड उघडण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे खनन सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले आणि तेथे राबलेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात आली. अशा कार्डांत पंख्यांची बेअरिंग झिजलेली असण्याची शक्यता अधिक. सफाई करताना वीजजोडणी काढावी आणि ब्लोअर मारण्यापूर्वी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती मर्यादेपलीकडे गरगरतात व बेअरिंगला इजा होते. घरातील पाण्याच्या कूलरचा झोत संगणकावर थेट घेऊ नये. कूलरमुळे खोलीची हवा थंड होते हे खरे, परंतु झोताबरोबर उडणारे क्षारयुक्त थेंब मदरबोर्डसाठी घातक ठरतात.

हे सर्व करूनही तापमान उतरत नसेल तर आफ्टरबर्नर या प्रोग्रामने कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांपर्यंत आणावी. उष्णता त्या प्रमाणात घटते, कामगिरीतील घट मात्र बरीच कमी असते. आणि कार्ड ७० अंशांवर असतानाच संगणक एकाएकी बंद पडत असेल, तर पंख्यांच्या मागे न लागता एसएमपीएस तपासून घ्यावा.