मडक्यांतली ताडी व पेल्यांतली ताडी

मद्यपानाविषयींच्या चौकशींत एक प्रश्न वारंवार चुकीच्या रीतीनें विचारला गेला आहे: माणूस बिघडला तो कोणत्या द्रव्यानें? वस्तुतः पिणारा पुष्कळदां एकच द्रव्य घेत नाहीं, आणि जें घेतो तेंहि जाणूनच घेतो असें नाहीं. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावरील ताडांचा व शिंदींचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे.

झाडावरून उतरलेली ताजी नीरा गोड असते. उन्हाबरोबर ती आंबते व कांहीं तासांत तिची ताडी होते. तिच्यांतील मद्यार्क शेंकडा ४-५ च्या आसपास, म्हणजे भट्टीच्या दारूच्या मानानें अल्पच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें झाडें छेदण्यावर परवान्याचा व कराचा पाश आवळला. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आले. हींच फुलें गरिबाच्या पोटांत अन्न म्हणूनहि जात. यानें पिणें थांबलें नाहीं. स्वतःच्या हातानें रस काढणारा मनुष्य दुकानाचें गिऱ्हाईक मात्र झाला. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेल्यांतून निघून दक्षिण गुजरातेंत पसरलेल्या देवीच्या चळवळीनें दारू-ताडी सोडा असें सांगितलें, तेव्हां तिचा रोख दुकानदारावरहि होता, हें विसरूं नये.

इकडे १८९३ मध्यें मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं गांजा-भांगेच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला. वेड्यांच्या इस्पितळांतून ‘गांजामुळें वेड’ हा शेरा सर्रास आढळे. आयोगानें १८९२ सालचीं अशीं २२२ प्रकरणें तपासलीं. गांजाशीं वाजवी संबंध जोडतां येईल अशीं ९८ उरलीं, व त्यांतल्याहि कांहींत इतर कारणें मिसळलेलीं होतीं. रकाना भरलाच पाहिजे म्हणून पोलिसानें लिहिलेला शब्द पुढें वैद्यकाचें मत होऊन बसे. (विद्यापीठांतले प्रबंध तपासतांना मला या रकान्याची आठवण होते.) गांजांत धोतरा मिसळण्याची चालहि आयोगापुढें आली होती, मग दोष कोणाचा?

१९७३ मध्यें अमेरिकेंत मार्लाट व त्याचे सहकारी यांनीं व्होडका आणि टॉनिकपाणी घेऊन एक प्रयोग केला. आपण मद्य पीत आहों असें ज्यांस सांगितलें होतें, ते पेल्यांत मद्य असो वा नसो, अधिक प्याले. समजुतीचा प्रभाव एवढा मोठा!

परंतु समजुतीनें रसायन बदलत नाहीं. पातळ ताडीला ‘जोर’ यावा म्हणून तींत क्लोरल हायड्रेट घालतात. यकृतांत मद्य व क्लोरल हीं एकाच विकराच्या दारीं येतात: मद्यामुळें क्लोरलचें गुंगी आणणारें रूप अधिक तयार होतें, आणि तें रूप उलट मद्याचा निचरा अडवितें. दोहोंची बेरीज म्हणून दोहोंहून भारी पडते. तेलंगणांत ताडींत अल्प्राझोलाम मिसळीत. २०१५ मध्यें त्यावर कडक नजर बसतांच शेंकडों माणसें झटके व भ्रम होऊन इस्पितळांत आलीं. त्यांतल्या बहुतेकांच्या समजुतीप्रमाणें तीं आजवर केवळ ताडीच पीत होतीं.