जेरुसलेमची पाठशाळा

धर्मग्रंथाचा अभ्यास श्रद्धेने करावा की चिकित्सेने, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा हाती आलेल्या पाठांतील भेद त्यांना पारखावे लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातील हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. परंतु चिकित्सा जेव्हा पाठभेदांपाशी न थांबता ‘हा ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या रीतीने लिहिला’ असे विचारू लागते, तेव्हा श्रद्धावंतांच्या मनात भय उत्पन्न होते. कॅथॉलिक ख्रिस्तसभेने या भयावर कशी मात केली, आणि त्यासाठी एका विद्वानाला कोणते मोल द्यावे लागले, हा इतिहास बोधप्रद आहे.

त्या विद्वानाचे नाव मारी-जोसेफ लाग्रांज. फ्रान्समध्ये १८५५ साली त्यांचा जन्म झाला. कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळविल्यानंतर १८७९ मध्ये ते डोमिनिकन संघात दाखल झाले. पुढे व्हिएन्ना येथे त्यांनी पौर्वात्य भाषांचे अध्ययन केले आणि १५ नोव्हेंबर १८९० रोजी जेरुसलेममध्ये पवित्र शास्त्राच्या अभ्यासाची एक पाठशाळा उघडली. ज्या वास्तूत ती सुरू झाली, तेथे पूर्वी कत्तलखाना होता. साधने तुटपुंजी होती, पण कल्पना मोठी होती. शास्त्र ज्या भूमीत लिहिले गेले, त्याच भूमीत, तेथील भाषा, भूगोल, शिलालेख आणि उत्खनन यांच्या साहाय्याने ते वाचावे, ही ती कल्पना होय. १८९२ साली या पाठशाळेने स्वतःचे संशोधन-त्रैमासिकही सुरू केले.

त्या काळी युरोपात, विशेषतः जर्मन विद्यापीठांत, जुन्या कराराच्या पहिल्या पाच ग्रंथांविषयी मोठा वाद माजला होता. हा पंचग्रंथ मोशेने लिहिला, अशी परंपरा होती. परंतु बारकाईने वाचणाऱ्यास काही गोष्टी खटकत. ‘उत्पत्ती’च्या आरंभी सृष्टिनिर्मितीची हकीकत दोनदा येते आणि दोहोंतील क्रम निराळा आहे. नोहाच्या तारवात प्रत्येक जातीची एकेक जोडी घ्यावी, असे एके ठिकाणी आहे, तर शुद्ध पशूंच्या सात जोड्या घ्याव्या, असे दुसऱ्या ठिकाणी आहे. शिवाय पाचव्या ग्रंथाच्या अखेरीस खुद्द मोशेच्याच मृत्यूचे वर्णन आहे. यावरून अनेक पंडितांनी असे अनुमान काढले की, निरनिराळ्या काळच्या परंपरा एकत्र गुंफून हा ग्रंथ सिद्ध झाला असावा.

लाग्रांज यांनी या अनुमानाकडे पाठ फिरविली नाही. १८९७ साली फ्रीबूर येथील कॅथॉलिक विद्वानांच्या परिषदेत त्यांनी पंचग्रंथाच्या उगमांचा प्रश्न उघडपणे मांडला. १९०२ मध्ये तुलूझ येथे व्याख्याने देऊन त्यांनी आपली ऐतिहासिक पद्धती विशद केली व पुढच्याच वर्षी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या विवेचनाचे सार थोडक्यात असे : ईश्वराने मनुष्याकरवी शास्त्र लिहविले, म्हणून ते मनुष्याच्या रीतीनेच लिहिले गेले. प्राचीन पूर्वेकडील लेखक इतिहास जसा लिहीत, तसाच तो तेथे आहे. काव्याला काव्य आणि आख्यानाला आख्यान म्हणून वाचल्याने देवशब्दाचा अवमान होत नाही. उलट त्याचा खरा अभिप्राय हाती लागतो.

आरंभी वारे अनुकूल होते. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ च्या परिपत्रकात शास्त्राध्ययनास उत्तेजन दिले होते आणि १९०२ साली त्यासाठी एक आयोगही नेमला होता. लाग्रांज त्या आयोगाचे सल्लागार झाले. परंतु त्याच सुमारास फ्रेंच पंडित आल्फ्रेद ल्वाझी यांच्या लेखनाने खळबळ उडाली. त्यांचे पाच ग्रंथ १९०३ मध्ये निषिद्ध ठरविण्यात आले. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी ‘आधुनिकवादा’चा कडक शब्दांत निषेध केला आणि १९०८ साली ल्वाझी बहिष्कृत झाले. तत्पूर्वी, १९०६ मध्येच, आयोगाने पंचग्रंथाचे मोशेकर्तृत्व मुख्यतः मान्य करावे, असा निर्णय दिला होता.

लाग्रांज यांनी ल्वाझींच्या मतांचे खंडन केले होते. तथापि संशयाच्या वादळात असे भेद कोण लक्षात घेणार? त्यांनी ‘उत्पत्ती’वर लिहिलेल्या भाष्यास प्रकाशनाची अनुमती मिळाली नाही. १९१२ साली रोमच्या एका खात्याने, त्यांचे अनेक ग्रंथ पुरोहितांच्या विद्यालयांत पाठ्यपुस्तके म्हणून वापरू नयेत, असे फर्मान काढले. लाग्रांज यांनी निमूटपणे आज्ञा मानली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांनी जेरुसलेम सोडले. पुढील वर्षी त्यांना परतण्याची मुभा मिळाली, परंतु जुन्या कराराचे वादग्रस्त क्षेत्र त्यांनी मागे ठेवले आणि नव्या कराराकडे आपली लेखणी वळविली. मार्क, लूक, मत्तय व योहान या चारही शुभवर्तमानांवरील त्यांची विस्तृत भाष्ये १९११ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाली.

त्यांच्या या मौनाविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. सत्य ठाऊक असूनही गप्प बसणे म्हणजे सत्याशी प्रतारणा, असे कोणी म्हणेल. ल्वाझी बोलत राहिले आणि ख्रिस्तसभेबाहेर गेले. लाग्रांज आत राहिले आणि त्यांना बोलणे आवरावे लागले. नुकसान दोन्ही परींनी झाले. ज्या तरुण पुरोहितांनी त्या वर्षांत विद्यार्जन केले, त्यांच्यापुढे हे प्रश्न मोकळेपणाने कधी आलेच नाहीत. हा तोटा तर मोजताही येणार नाही. पण लाग्रांज यांची पाठशाळा जिवंत राहिली, विद्यार्थी घडत राहिले, आणि संधी आली तेव्हा ते सिद्ध होते. संस्था टिकविण्यासाठी माणसाने किती सोसावे, याचे उत्तर सोपे नाही. लाग्रांज यांनी ते आपल्या आयुष्यापुरते दिले.

१० मार्च १९३८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रान्समध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, पोप बारावे पायस यांचे एक परिपत्रक प्रसिद्ध झाले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतूनच शास्त्राचे अध्ययन करावे. प्राचीन लेखकांचे लेखनप्रकार ध्यानी घेऊनच त्यांचा आशय ठरवावा. प्रामाणिक संशोधकांकडे संशयाने नव्हे, औदार्याने पाहावे, असा त्याचा आशय होता. ज्या विचारापायी लाग्रांज यांनी सोसले, तोच विचार आता आज्ञेच्या रूपाने आला होता.

मूळ भाषांचा हा आग्रह मराठी वाचकाला नवखा वाटू नये. ख्रिस्तसभेच्या या वादापासून दूर, केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

१९४३ नंतरची वाटही निष्कंटक नव्हती. रोमच्या बायबल संस्थेतील लियोने आणि झेर्विक या दोन प्राध्यापकांना १९६२ मध्ये अध्यापनापासून दूर ठेवण्यात आले. १९६४ मध्ये त्यांना पुन्हा वर्गात घेण्यात आले. मात्र पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने देवशब्दाविषयीचा आपला दस्तऐवज संमत केला. बाजूने २३४४ मते पडली, विरुद्ध केवळ ६. दरम्यान जेरुसलेमच्या पाठशाळेने तयार केलेले फ्रेंच बायबल १९५६ साली एका खंडात निघाले होते. तिचे संचालक रोलां द व्हो यांनी १९५१ ते १९५६ या काळात मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे उत्खनन केले. तेथील गुंफांत सापडलेली यशया ग्रंथाची गुंडाळी तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली.

या परिश्रमाचे फळ पुढे ग्रंथांच्या रूपाने दिसू लागले. रेमंड ब्राउन, जोसेफ फिट्झमायर आणि रोलंड मर्फी या तीन पुरोहितांनी संपादित केलेले, संत जेरोम यांचे नाव धारण करणारे बृहद्भाष्य १९६८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये त्याची नवी रचना झाली. २०२२ मध्ये एकविसाव्या शतकासाठी ते पुन्हा नव्याने सिद्ध झाले. १९६८ चे तिन्ही संपादक पुरोहित होते; २०२२ च्या चार संपादकांत दोन स्त्रिया आहेत. मोशेकर्तृत्वाविषयी ज्या शंका १९०६ साली उच्चारणे धोक्याचे होते, त्या आता पुरोहितांच्या विद्यालयांत पहिल्याच वर्षी शिकविल्या जातात. त्याने श्रद्धेचा पाया ढासळला नाही.

१९६७ साली लाग्रांज यांच्या अस्थी फ्रान्सहून जेरुसलेमला आणण्यात आल्या. ज्या पाठशाळेपासून त्यांना एकदा दूर जावे लागले होते, तिच्याच आवारातील संत स्तेफनाच्या मंदिरात त्या विसावल्या आहेत. शेजारच्या ग्रंथालयात आजही विद्यार्थी येतात, आणि लाग्रांज यांनी विचारलेले प्रश्न मोकळेपणाने विचारतात.