सँ-जॉर्ज आणि एक उसने बिरुद

पाश्चात्य संगीताच्या इतिहासात आफ्रिकी वंशाच्या रचनाकारांचा विषय निघाला, की अठराव्या शतकातील शव्हालिए द सँ-जॉर्ज यांचे नाव आरंभीच येते, आणि त्यामागोमाग ‘काळा मोझार्ट’ हे बिरुदही येते. देणाऱ्यांचा हेतू गौरवाचाच असेल. परंतु कालिदासास ‘हिंदुस्थानचा शेक्सपिअर’ म्हणण्याने जो अन्याय होतो, तोच येथेही होतो, असे आम्हांस वाटते. सँ-जॉर्ज यांचा जन्म १७४५ चा, मोझार्टचा १७५६ चा. १७७८ मध्ये बावीस वर्षांचा मोझार्ट पॅरिसमध्ये आश्रय शोधीत होता, तेव्हा सँ-जॉर्ज त्या नगरीतील एका नामांकित वाद्यवृंदाचे प्रमुख होते. मग कोणी कोणाचे नाव घ्यावे?

वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप या फ्रेंच बेटावर नॅनॉ नावाच्या एका गुलाम स्त्रीच्या पोटी ते जन्मले. पिता गोरा मळेवाला. त्याने मुलास फ्रान्समध्ये नेऊन शिकविले. तलवारबाजीत मुलाने एवढे नाव मिळविले, की पुढच्या कित्येक लेखकांना संगीतकारापेक्षा तलवारबहाद्दरच अधिक रंजक वाटला.

वास्तविक पाहावयास हवीत ती त्यांची व्हायोलिन-कॉन्चेर्टो. एकल वादकास तारसप्तकाच्याही पलीकडे नेऊन द्रुतगतीने खाली उतरविणारी त्यांतील स्वरवाक्ये ज्याची बोटे तयार आहेत त्यानेच लिहावीत अशी आहेत. सँ-जॉर्ज स्वतः श्रेष्ठ वादक होते. दोन वा अधिक एकल वादक वाद्यवृंदासमोर परस्परांशी जणू संभाषण करतात, त्या पॅरिसप्रिय रचनाप्रकारातही त्यांनी पुष्कळ लिहिले. हायडनच्या ८२ ते ८७ क्रमांकांच्या सिंफनी ज्या पॅरिसच्या संस्थेसाठी रचल्या गेल्या, तिच्या वाद्यवृंदाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते.

हे सारे असून १७७६ मध्ये राजकीय ऑपेराच्या संचालकपदासाठी त्यांचे नाव पुढे येताच तेथील काही प्रमुख गायिका व नर्तकींनी राणीकडे अर्ज केला: मिश्रवर्णीयाच्या हुकमाखाली वागणे आमच्या प्रतिष्ठेस शोभणार नाही. पद त्यांना मिळाले नाही. विद्वत्तेची वा कसबाची उणीव अर्जदारांनी दाखविली नव्हती, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो.

राज्यक्रांतीत ते क्रांतीच्या बाजूने लढले. १७९२ मध्ये कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय सैनिकांची एक पलटण त्यांच्या आधिपत्याखाली उभी राहिली. परंतु १७९३ मध्ये त्याच क्रांतीने त्यांना कैदेतही टाकले. १७९९ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. तीन वर्षांनी नेपोलियनने वसाहतींत गुलामगिरी टिकविण्याचा कायदा केला, व ग्वादलूपमध्ये ती पुन्हा लादण्याचे काम सेनापती रिशपाँस याने केले. पुढे पॅरिसने एका रस्त्यास त्याचे नाव दिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते नाव काढून त्याच रस्त्यास सँ-जॉर्ज यांचे नाव देण्यात आले.