कळसूत्री बाहुले आणि ‘हात’

कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहावयास बसलेल्या मनुष्याला पडद्याआड सूत्रे ओढणारा हात आहे हे पक्के ठाऊक असते. तथापि खेळ रंगात आला म्हणजे त्या हाताचा त्याला विसर पडतो. किंबहुना हा विसर पाडणे हेच त्या कलेचे सर्वस्व होय. दुसऱ्याच्या इशाऱ्याने वागणाऱ्या मनुष्याला ‘कळसूत्री बाहुले’ म्हणण्याचा मराठीत जुना प्रघात आहे. ह्या वाक्प्रचारात बाहुले तेवढे दिसते. इशारा करणाऱ्याचा हात त्यात कोठेच नाही. १९६५ साली प्राग शहरात तयार झालेल्या, अवघ्या अठरा मिनिटांच्या एका बाहुलीपटाने नेमका हा दडलेला हात प्रेक्षकांपुढे आणून उभा केला. त्या चित्रपटाचे नाव ‘हात’ हेच होते, आणि त्याचा कर्ता चेक चित्रकार यिर्झी त्रन्का हा होता. त्यात एकही संवाद नाही. तरीही पुढे एका राज्यसत्तेला तो कुलुपात ठेवावा लागला. शब्दावाचून इतके बोलण्याचे सामर्थ्य त्या चित्रांत कोठून आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

बाहुलीपटातील बाहुलीला दोऱ्या नसतात. तिच्या अंगात धातूचा सांगाडा असतो व सांधे वाकतील तसे राहतात. कारागीर तिचा हात केसभर उचलतो, बाजूला होतो, कॅमेरा एक चित्र टिपतो. पुन्हा केसभर हालचाल, पुन्हा एक चित्र. पडद्यावर एका सेकंदात अशी चोवीस चित्रे सरकतात, तेव्हा कोठे बाहुली आपण होऊन हात उचलीत आहे असा भास होतो. ह्या हिशोबाने अठरा मिनिटांच्या चित्रपटात सुमारे २६,००० चित्रे येतात. महाराष्ट्राला ही युक्ती परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या अंकुराची वाढ अशीच एकेक चित्र टिपून दाखविली होती, आणि १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ ह्या लघुपटात काड्यापेटीतील काड्यांना नाचावयास लावले होते. त्यात कारागिराचा हात दर दोन चित्रांच्या मध्ये येऊन जातो. परंतु एकाही चित्रात तो सापडता कामा नये, हा ह्या कलेचा पहिला दंडक. त्रन्काने तो जाणूनबुजून मोडला. तो मोडण्यापूर्वी वीस वर्षे मात्र त्याने तो निष्ठेने पाळला होता.

बोहेमियात बाहुली हे केवळ पोरांचे खेळणे कधीच नव्हते. हॅप्सबर्ग राजवटीत कचेऱ्यांची व प्रतिष्ठितांची भाषा जर्मन होती. अशा काळी खेडोपाडी बैलगाड्या-घोडागाड्यांतून हिंडणारे बाहुलीवाले चेक भाषेत खेळ करीत. त्यांतील मातेय कोपेत्स्की (१७७५–१८४७) ह्याचे नाव तर राष्ट्रीय पुनरुज्जीवनाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. मायबोलीतील नाटक अनेक खेडुतांनी प्रथम ऐकले ते लाकडी नटांच्या तोंडून. हीच परंपरा विसाव्या शतकात पिल्झेन शहरातील योसेफ स्कुपा ह्याने पुढे चालविली. नाझी अंमलात, १९४४ साली, गेस्टापोने त्याला अटक केली. ज्या देशात बाहुलीवाल्याला तुरुंग पाहावा लागतो, त्या देशात बाहुलीच्या खेळाकडे सत्ताधारी किती गांभीर्याने पाहत असले पाहिजेत हे निराळे सांगावयास नको.

ह्याच स्कुपाच्या हाताखाली त्रन्का तयार झाला. त्याचा जन्म पिल्झेन येथे २४ फेब्रुवारी १९१२ रोजी झाला. आई शिवणकाम करी. मुलगा लहानपणीच लाकडाच्या बाहुल्या कोरून सवंगड्यांना खेळ करून दाखवू लागला. पुढे प्रागच्या कलाशाळेत त्याचे शिक्षण झाले आणि १९३६ साली त्याने स्वतःचे बाहुली-नाट्यगृह काढले. ते अल्पायुषी ठरले. मुलांच्या पुस्तकांतील चित्रांनी मात्र त्याला कीर्ती दिली, आणि १९६८ साली त्याबद्दल त्याला हान्स क्रिस्टियन अँडरसन पदक मिळाले.

महायुद्ध संपताच, १९४५ साली, प्रागमध्ये हालत्या चित्रांच्या कलागृहाची धुरा त्याच्याकडे आली. आरंभीचे त्याचे लघुपट रेखाटलेल्या चित्रांचे होते, आणि त्यांपैकी एकाला १९४६ च्या कान महोत्सवात बक्षीसही लाभले. परंतु त्या पद्धतीत त्याचे मन रमेना. चित्रकाराने काढलेली आकृती पडद्यावर पोहोचेपर्यंत अनेक साहाय्यकांच्या हातून जाते, आणि प्रत्येक हातात तिचे थोडे थोडे तेज उतरते. बाहुली मात्र घडविली तशीच कॅमेऱ्यासमोर उभी राहते. म्हणून तो बाहुलीकडे परतला. १९४७ साली त्याचा ‘श्पालिचेक’ हा पहिला मोठा बाहुलीपट आला. त्यात चेक खेड्यातील वर्षभराचे सण-उत्सव आहेत. १९५९ साली त्याने शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’लाही बाहुल्यांचे रूप दिले.

येथे एक अडचण उभी राहते. रेखाटलेले पात्र हसताना त्याचे तोंड कानापर्यंत ताणता येते. लाकडाच्या तोंडाचे काय करावे? हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज पालने ह्यावर मोठा खटाटोपाचा तोडगा काढला होता. तो एकाच पात्राची अनेक डोकी कोरून ठेवी, एक हसरे, एक त्याहून अधिक हसरे, आणि प्रत्येक चित्रागणिक डोके बदली. त्रन्काने नेमका उलट मार्ग धरला. त्याच्या बाहुलीचा चेहरा बदलतच नाही. त्याचा सहकारी ब्रेटिस्लाव पोयार ह्याने ह्यातील मर्म सांगून ठेवले आहे. त्रन्का बाहुलीचे डोळे रंगवी ते मुद्दामच अनिश्चित भावाचे. मग मान किंचित खाली झुकली, दिव्याचा प्रकाश वरून न येता बाजूने आला, किंवा कॅमेरा थोडा जवळ सरकला, की तोच चेहरा खिन्न भासे. मान वर झाली की तोच प्रसन्न. भाव लाकडावर कोरलेला नसतो. तो पाहणाराच आपल्या मनातून काढून त्या चेहऱ्यावर ठेवतो. एकदा स्वतःचे काही त्या चेहऱ्यावर ठेवले, की त्या बाहुलीच्या सुखदुःखापासून त्याला अलिप्त राहता येत नाही.

‘हात’ ह्या चित्रपटाचा नायक असाच एक न बदलणाऱ्या चेहऱ्याचा विदूषक आहे. छोट्याशा खोलीत तो एकटा राहतो. त्याच्याजवळ एक गुलाबाचे रोप आहे आणि त्या रोपासाठी तो चाकावर मातीच्या कुंड्या घडवितो. ह्यापलीकडे त्याला जगाकडून काही नको. एके दिवशी दार वाजते आणि एक प्रचंड हात आत येतो. तो ओली कुंडी दाबून तिचा हाताच्या आकाराचा पुतळा करतो व असाच पुतळा घडव असे खुणेने सुचवितो. विदूषक मान हलवून नकार देतो आणि त्या मातीची पुन्हा कुंडी करतो. मग टेलिफोन येतो, पैसा येतो. दूरचित्रवाणीची पेटी येते, आणि तिच्यात मशाल धरणारा हात, न्यायाचा तराजू धरणारा हात, असे हाताचे गौरवशाली दर्शन घडते. लोखंडी हातमोजा घालून हात धाक दाखवितो. जाळीदार हातमोजा घालून तोच स्त्रीसारखा लाडीगोडी लावतो. शेवटी विदूषक पिंजऱ्यात पडतो. तेथे त्याच्या अंगाला दोऱ्या बांधल्या जातात, हातात छिन्नी येते, आणि तो दगडाचा भव्य हात कोरू लागतो. काम झाल्यावर त्याला पदके मिळतात, डोक्यावर पाने-फुलांचा मुकुट चढतो. तो निसटून घरी पळतो, दार-खिडक्या लावून घेतो, आणि त्या धास्तीतच त्याची स्वतःची कुंडी डोक्यावर पडून तो मरतो. हात त्याला मोठ्या थाटाची अंत्ययात्रा देतो.

कथा एवढीच, पण ती सांगण्याची रीत पाहण्याजोगी आहे. चित्रपटातील विदूषक लाकडाचा आणि हात मात्र खऱ्या माणसाचा, जिवंत कातडीचा आहे. दोघांचे आकारमान जसे प्रत्यक्षात असते तसेच ठेवले आहे. हात अजस्र दिसावा म्हणून कोणतीही छायाचित्रणाची करामत लागलेली नाही. कोणत्याही बाहुलीला कारागिराचा हात एवढाच मोठा दिसत असला पाहिजे. विदूषकाला चेहरा आहे पण तो हलत नाही. हाताची बोटे सदैव हलतात पण त्याला चेहराच नाही. त्यामुळे कोणाशी बोलावे, कोणाची विनवणी करावी, ह्याला जागाच उरत नाही. आणि दोऱ्यांची योजना तर विशेष मार्मिक होय. बाहुलीपटात दोऱ्यांची गरजच नसते. म्हणून आरंभी विदूषक मुक्तपणे वावरतो तेव्हा त्याच्या अंगाला दोरी नाही. त्याचे स्वातंत्र्य जाते त्या क्षणीच दोऱ्या दिसू लागतात. वाक्प्रचारातील ‘कळसूत्री बाहुले’ होण्याची क्रिया येथे डोळ्यांदेखत घडते.

प्रागच्या प्रेक्षकांना ह्याचा अर्थ कोणी फोड करून सांगावा लागला नसेल. चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८ पासून कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती. प्रागच्या लेत्ना टेकडीवर १९५५ साली स्टालिनचा अवाढव्य दगडी पुतळा उभारण्यात आला. त्याचा शिल्पकार ओटाकार श्वेत्स ह्याने अनावरणापूर्वीच आत्महत्या केली होती, आणि १९६२ साली तो पुतळा सुरुंग लावून उडविण्यात आला. दगडाचा हात कोरणारा विदूषक पाहताना ही आठवण ताजीच होती. शिवाय ‘हात’ काढणारे कलागृह सरकारी होते, त्याचा खर्च सरकारी होता, आणि त्रन्का स्वतः सरकारी मानसन्मान पावलेला कलावंत होता. पिंजऱ्यातील पदकांचे वजन त्याला अनुभवाने माहीत होते. म्हणूनच त्या चित्रपटात केवळ सत्तेची निंदा नाही. आश्रयदात्याचे अन्न खाऊन आपली कुंडी आपणच घडवावयाची, हे कलावंताला किती काळ साधेल, हा प्रश्न त्याने स्वतःलाही विचारलेला दिसतो.

१९६५ साली राजवटीचा बंध काहीसा सैल झाला होता, आणि चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात खोडून टाकावा असा एकही शब्द नव्हता. हात कोणाचा हे कोठे लिहिलेले नव्हते. तो हात हिटलरचा आहे, किंवा कोणत्याही जुलमी राजाचा आहे, असे म्हणावयास कोणाची हरकत असणार? मूक चित्राचा हाच मोठा आधार असतो. तथापि तो आधार फार दिवस टिकला नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा करारातील देशांचे रणगाडे प्रागमध्ये शिरले. १९६९ च्या अखेरीस, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्रन्का वारला. ‘हात’ हाच त्याचा अखेरचा चित्रपट ठरला. त्याला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच ‘हात’वर बंदी आली. गुप्त पोलिसांनी त्याच्या प्रती जप्त करून कुलुपात ठेवल्या. चित्रपटाचा शेवटचा प्रवेश त्याच्या कर्त्याच्या बाबतीत असा अक्षरशः खरा ठरला: आधी सन्मानाची अंत्ययात्रा, मग मौन.

हे मौन सुमारे वीस वर्षे टिकले. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली आणि चित्रपट पुन्हा मोकळा झाला. २०१६ साली युनेस्कोने चेक व स्लोव्हाक बाहुलीकलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. स्टालिनचा पुतळा आज नाही. त्रन्काचा विदूषक मात्र त्याच न बदलणाऱ्या चेहऱ्याने अजूनही आपल्या गुलाबासाठी कुंडी घडवीत बसलेला पडद्यावर पाहावयास मिळतो, आणि दार वाजले म्हणजे त्याच्याबरोबर पाहणाराही दचकतो.