मलवाहिन्यांत शिरणारे पाणी : प्रस्तावना

मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या. तरीही पावसाने जोर धरला की मलजल उदंचन केंद्रांकडे येणारा प्रवाह फुगतो. घरांतला वापर तर तेवढाच असतो. मग हे जास्तीचे पाणी कुठले? या प्रश्नापाशी आपला विषय सुरू होतो, आणि त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मी मनापासून स्वागत करतो.

पाणी दोन वाटांनी येते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वाहिनीच्या वर चढते आणि उललेल्या सांध्यांतून, मुळांनी फोडलेल्या नळांतून, मॅनहोलच्या विटकामातून ते आत झिरपते. पाऊस उघडला तरी हा झिरपा कित्येक दिवस चालू राहतो. दुसरी वाट झटपट आहे. गच्चीचे नळ परस्पर मलवाहिनीला जोडलेले असतात. रस्ता तुंबला की कोणीतरी मॅनहोलचे झाकण उचलते.

केंद्र सरकारच्या मलनिःसारण मार्गदर्शिकेच्या 1993 च्या आवृत्तीत झिरप्यासाठी हेक्टरी, दररोज 5,000 ते 50,000 लिटर धरले आहेत. आता हिशेब करा. हेक्टरी 300 माणसे, माणशी 135 लिटर पाणी, त्यातले 80 टक्के सांडपाणी : एकूण 32,400 लिटर. झिरपा वरच्या टोकाला गेला तर तो सांडपाण्याहूनही जास्त भरतो! मला हा आकडा विद्यार्थ्यांपुढे पुन्हा पुन्हा ठेवावासा वाटतो.

या पाण्यासाठी पंप जास्त चालतात, वीज जळते. प्रक्रिया केंद्रात पातळ झालेल्या सांडपाण्यातून जिवाणूंना पुरेसे अन्न मिळत नाही, आणि लोंढा मोठा असला तर निवळण टाक्यांतला गाळ जिवाणूंसकट वाहून जातो. क्षमतेबाहेरचे मैलापाणी प्रक्रियेविनाच खाडीत जाते. किनाऱ्यालगत भरतीचे खारे पाणीही आत येते. शिवाय पाण्याबरोबर माती आत ओढली जाते, वाहिनीभोवती पोकळी होते आणि एक दिवस रस्ता खचतो. तेव्हा सगळा दोष वाहतुकीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

निदानाचा पाया साधा आहे : पहाटे 2 ते 4 या वेळात, शहर झोपलेले असताना, वाहिनीतला प्रवाह मोजायचा. त्यातला बराचसा भाग झिरप्याचा असतो. धूर सोडून चोरट्या जोडण्या शोधणे, कॅमेरा फिरवणे हे त्यानंतरचे. हे मोजमाप न करता प्रक्रिया केंद्र वाढवणे म्हणजे लोकांचा पैसा वाया घालवणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी आपल्या गावच्या केंद्रावर जा आणि मे व ऑगस्टमधल्या आवक प्रवाहाच्या नोंदी मागून घ्या.