क्यू आहे, पण पुढे यू नाही : पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

शाळेत इंग्रजीचा एक नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. क्यू आला की मागोमाग यू येणारच! क्वीन, क्विक, क्वेश्चन, काहीही घ्या. नियम बहुतेक वेळा बरोबर निघतो. पण वर्डल किंवा स्क्रॅबल खेळताना मुलं अडकतात ती नेमकी इथेच. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये क्यूची सोंगटी एकच असते आणि तिला तब्बल 10 गुण असतात. हातात क्यू आहे, यू नाही, मग शब्द कुठला लावायचा?

गंमत म्हणजे उत्तर बऱ्याचदा आपल्या घरातच असतं. असे बरेचसे शब्द अरबी, फारसी आणि उर्दूच्या वाटेने इंग्रजीत गेले आहेत. आपल्या मुलांना ते बोलताना माहीत असतात, फक्त त्यांचं स्पेलिंग माहीत नसतं. म्हणून आम्ही ही यादी अर्थासह देत आहोत.

हा नियम आला कुठून?

जुन्या इंग्रजीत 'क्वीन' हा शब्द सी आणि डब्ल्यूने लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी क्यू-यू ही जोडी रूढ केली. अरबी शब्दांचं तसं नाही. अरबीत 'काफ' नावाची दोन वेगळी अक्षरं आहेत. एक आपल्या साध्या 'क'सारखं, दुसरं घशातून खोल उच्चारायचं. हे खोल अक्षर दाखवायला इंग्रजीत क्यू वापरतात, आणि तिथे यूची गरज पडत नाही. फरक किरकोळ नाही बरं का! अरबीत खोल काफने 'कल्ब' म्हटलं तर हृदय, साध्या काफने म्हटलं तर कुत्रा.

शब्द आणि अर्थ

1. फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर) : मूळ अर्थ गरीब, गरजवंत. पुढे संसाराचा मोह सोडलेला दरवेश असाही अर्थ झाला. इंग्रजीत के वापरून लिहिलेलं रूप जास्त दिसतं.

2. निकाब (एन-आय-क्यू-ए-बी) : डोळे मोकळे ठेवून चेहरा झाकणारं कापड.

3. बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए) : सर्वांग झाकणारा पोशाख. या शब्दात यू आहे, पण क्यूच्या मागे नाही. इंग्रजी बातम्यांत निकाब, बुरखा आणि हिजाब यांची सरमिसळ होते. वाचताना तिन्हींचा फरक लक्षात ठेवावा.

4. किब्ला (क्यू-आय-बी-एल-ए) : नमाजची दिशा, म्हणजे मक्केतील काबागृहाची दिशा. महाराष्ट्रातून ती साधारण पश्चिमेला येते.

5. तलाक (टी-ए-एल-ए-क्यू) : घटस्फोट. मुळात अर्थ सोडणे, मोकळे करणे. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, 2019 मध्ये त्यावर कायदाही झाला. तलाक आणि तिहेरी तलाक हे एकच नव्हेत. निबंध लिहिताना हा घोळ टाळा.

6. कोर्मा (क्यू-ओ-आर-एम-ए) : दही, मसाला घालून मंद आचेवर शिजवलेलं मटण किंवा भाजी. हॉटेलच्या मेनूवर बहुधा के दिसतो, दोन्ही चालतात.

7. कनात (क्यू-ए-एन-ए-टी) : डोंगरपायथ्याचं भूजल उताराने गावापर्यंत आणणारा भुयारी कालवा. इराणमधील अशा कालव्यांना 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. मलिक अंबरने औरंगाबादेत बांधलेली नहर याच जातकुळीतली. मराठीत तंबूच्या कापडी भिंतीलाही कनात म्हणतात, तो अर्थ वेगळा.

8. वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ) आणि काझी (क्यू-ए-डी-आय) : एकवचनात चारच अक्षरं. शेवटी एस लावून अनेकवचन केलं की पाच होतात. वक्फ म्हणजे धर्मासाठी किंवा लोककल्याणासाठी कायमची दिलेली मालमत्ता, काझी म्हणजे न्याय करणारा.

दोन शब्द मात्र या घराण्याबाहेरचे आहेत. ट्रँक (टी-आर-ए-एन-क्यू) हे गुंगी आणणाऱ्या औषधाचं बोलीतलं छोटं नाव. उमियाक (यू-एम-आय-ए-क्यू) ही आर्क्टिक भागातील इनुइट लोकांची चामड्याची होडी. त्यांच्या भाषेतही असाच खोल 'क' आहे.

कतार आणि इराकी या शब्दांतही क्यू आहे, अक्षरंही पाचच. पण ती देशाशी जोडलेली विशेषनामं, म्हणून स्क्रॅबलमध्ये धरत नाहीत. शिवाय खेळागणिक शब्दयादी बदलते, तेव्हा डाव सुरू करण्याआधी कोणता शब्दकोश मानायचा ते ठरवून घ्यावं.

खेळापलीकडची गोष्ट

आपल्या दख्खनी बोलीत हा खोल काफ 'ख'सारखा निघतो. 'कब्र'ची 'खबर' होते, काझीचा 'खाजी' होतो. देवनागरीत दोन्ही काफसाठी आपण एकच 'क' लिहितो. त्यामुळे इंग्रजीत लिहायची वेळ आली की गोंधळ उडतो. कासिम, सादिक, इकबाल, कुरेशी ही नावं शाळेच्या दाखल्यावर के घालून, आधारवर क्यू घालून आणि पासपोर्टवर आणखी तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेली आम्ही पाहिली आहेत. मूळ अक्षर खोल काफ, म्हणून क्यू जास्त जवळचा. तरी के म्हणजे चूक असं नाही. चूक होते ती प्रत्येक कागदावर वेगळं लिहिण्यात. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना किंवा परदेशी जाताना प्रतिज्ञापत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात.

तेव्हा पालकांना आमचं एवढंच सांगणं आहे. मुलाचं नाव जन्मदाखल्यावर घालतानाच के की क्यू हे एकदा ठरवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच ठेवा. आणि मुलांनो, पुढच्या डावात क्यू हाती आला आणि यू नसला तर घाबरू नका. घरातले शब्द आठवून पाहा!