परळात सापडलेले शून्य

ए, बी, एबी आणि ओ या रक्तगटांच्या नावांत ‘ओ’ हे एकच नाव अभावाचे आहे. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी एकाचे रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिले. काही जोड्यांत पेशींचे पुंजके झाले, काहींत नाही, आणि त्यावरून १९०१ साली त्यांनी ए, बी, सी असे तीन गट मांडले. एबी पुढच्या वर्षी सापडला. ‘सी’च्या पेशी कोणाच्याच रक्तद्रवात गोळा होत नसत, म्हणून पुढे त्या गटाला शून्याचे चिन्ह मिळाले आणि तेच ‘ओ’ म्हणून रुळले. आजही काचपट्टीवर निळे अँटी-ए आणि पिवळे अँटी-बी ही प्रतिपिंडे टाकून दोन्हींत पुंजके झाले नाहीत, की आपण ‘ओ’ लिहून मोकळे होतो. पण ही प्रतिपिंडे फक्त आपापला प्रतिजन, म्हणजे पेशीवरची खूण, शोधतात. बाकी तिथे काय आहे, याविषयी ती काहीच सांगत नाहीत. रक्तगट म्हणजे आपण रक्ताला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. प्रश्न अपुरे असतील तर उत्तरही अपुरेच येणार, याचा सर्वांत ठोस पुरावा मुंबईने दिला.

प्रश्न विचारायची साधने १९५०च्या सुमाराला वाढत होती, आणि ती माणसाच्या रक्तातूनच यावीत असेही राहिले नव्हते. कोकणात ज्याच्या पिठाचे पिठले होते त्या कुळिथाच्या अर्कात ए गटाच्या पेशी गोळा होतात, हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली भारतातूनच प्रसिद्ध केले. ए गटातले ए-१ आणि ए-२ वेगळे करायला तो अर्क आजही वापरतात. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, परळच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर एक कोडे आले. रेल्वे अपघातात जखमी झालेला एक रुग्ण आणि भोसकला गेलेला दुसरा, दोघांच्याही पेशी ‘ओ’सारख्या गप्प होत्या. त्यांचे रक्तद्रव मात्र ए आणि बी यांच्यासह ‘ओ’च्या पेशींनाही गोळा करत होते. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ते मांडले, आणि जगाच्या शब्दकोशात ‘बॉम्बे रक्तगट’ आला.

उलगडा असा झाला: ए किंवा बी म्हणजे पेशीवरच्या साखळीच्या टोकाला जडलेली एकेक साखर. ती जडायला आधी फ्यूकोज नावाची साखर बसलेली लागते, आणि तो पाया म्हणजे एच प्रतिजन. ‘ओ’ रक्तात पाया उघडा राहतो, म्हणजे शून्य समजलेल्या गटातच एच सर्वांत जास्त! बॉम्बे गटात आई आणि वडील दोघांकडूनही पाया घालणारे जनुक निकामी आलेले असते, म्हणून ए किंवा बीचे जनुक असूनही त्याला टेकायला जागा नसते. खरे शून्य हे. अशा व्यक्तीचे शरीर एचलाच परके मानते, त्यामुळे तिला ‘ओ’ रक्तही घातक ठरते. शिवाय तिच्यातले दडलेले जनुक मुलात प्रकट होऊ शकते. ‘ओ’ समजलेल्या आईबापांच्या पोटी ए गटाचे मूल येते तेव्हा एखाद्या आईवर विनाकारण संशय येऊ शकतो, आणि त्याचे कारण केवळ अर्धवट तपासणी असू शकते.

यावर आक्षेप येतो, की भारतात साधारण दहा हजारांत एक आढळणाऱ्या गटासाठी एवढी उठाठेव कशाला? मुंबईच्या उपनगरांच्या बाबतीत तरी तो टिकत नाही: अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांत लाखो माणसे राहतात, म्हणजे हिशेबाने असे कितीतरी शेजारी आपल्यात आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रक्त चढवण्यापूर्वी दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहतात, त्या क्रॉसमॅचमध्ये चूक पकडली जातेच. खरे आहे, आणि म्हणूनच क्रॉसमॅच कधी टाळू नये. पण ती चूक पकडली जाते तेव्हा रुग्ण टेबलावर असतो आणि त्याला चालेल असा दाता अजून शोधायचा असतो. बेचाळीस दिवसांच्या आत संपणाऱ्या पिशवीच्या जगात ही उशिराची माहिती फार महाग पडते. तीच माहिती रक्तदान शिबिरानंतरच्या तपासणीत मिळाली, तर त्याच माणसाचे नाव दुर्मिळ दात्यांच्या यादीत जाते. त्यासाठी रक्तद्रव उलट बाजूने, म्हणजे माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर तपासावे लागते. ‘ओ’च्या पेशीही गोळा झाल्या, की अँटी-एचने खात्री करता येते.

ओळखपत्रासाठी केवळ काचपट्टीवर पाहून छापलेल्या ‘ओ’कडे म्हणूनच अंतिम निकाल म्हणून पाहता कामा नये. १९५७ साली मुंबईत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, तेच पुढे परळच्या राष्ट्रीय संस्थेत वाढले. शंका विचारायचे ठिकाण या शहरात आहेच. शहराचे नाव बदलले तरी त्या गटाचे नाव ‘बॉम्बे’च राहिले आहे. ते आजार किंवा वंश दाखवत नाही. पेशी गप्प राहिल्यावरही रक्तद्रवाला पुढचा प्रश्न विचारला गेला, ते गाव ते दाखवते. ‘ओ’च्या पेशींची एक नळी जास्त लावणे, हीच त्या नावाची खरी राखण.